गाळपेरातले करकोचे

सोमवार, ४ फेब्रुवारी १९९१

भरताची वांगी भाजणार मी, भाकरीसाठी कळण्याचं पीठ चाळणार मी, आणि रविवारी कॉलेजची पोरं जेवायला येणार हे मला सगळ्यात शेवटी कळतं. अभिमनने परस्पर हो म्हणून टाकलं. अभिमन म्हणजे माझा मुलगा. पन्नाशीला टेकला, पण माणसं बोलावताना चुलीला विचारावं लागतं हे त्याला कोणी शिकवलं नाही. त्याची बायको कलाबाई म्हणते, "आत्याबाई, तुम्ही बसीसन सांगा, मी करसू." बसून सांगायला मी काय तहसीलदार आहे.

असो. राम राम, वही. मध्ये काही दिवस तुला हात लावला नाही, राग धरू नको. बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली वही तू. प्रमिलाने तुला माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "रोज लिख, नही ते वर्गमा शिकेल बठ्ठं भुली जाशी." प्रमिला अभिमनची मुलगी, शिरपूरला कॉलेजात आहे. मी दुसरीत शाळा सोडली ती या साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी पुन्हा बसले. अक्षर येतं. पण दुकानदाराने रेघा इतक्या फिक्या छापल्या आहेत की कुठे लिहावं कळत नाही.

तर पोरं येणार ती पाखरं पाहायला. मी प्रमिलाला विचारलं, "खावाले का?"

"नही व आजीमाय, देखाले."

"देखीसन मंग?"

"मंग लिखी लेवानं. कोनतं पाखरू, कितला व्हतात. आनि फुलपाखरं बी."

तिचे रतिलाल सर म्हणून कोणी आहेत, जनावरं आणि किडे शिकवतात. त्यांचीच ही टूम. माझा जन्म वावरातल्या माळ्यावर, मचाणावर, उभं राहून पाखरं हाकलण्यात गेला. मला पाखरांच्या दोनच जाती माहीत. दादरीचे दाणे खाणारं आणि न खाणारं. तिसरी जात बघायला शिरपूरहून माणसं येतात म्हणजे शिरपूरला कामं कमी झाली असतील.


बुधवार, ६ फेब्रुवारी

कौतिक सकाळी दारात येऊन उभा राहिला. त्याचा गाळपेराचा तुकडा आमच्या बांधाला लागून आहे. चहा पिऊन झाला तरी उठेना, तेव्हा मला कळलं की काहीतरी ओकायचं आहे.

"माय, तुन्हा घर दूरबीनवाला येऊ राह्यनात म्हने?"

"जेवाले येऊ राह्यनात. दूरबीन त्यासना गयामा राही."

"जेवाले नही येत कोनी इतला लांब. धरणवर पाखरेस्नं अभयारण्य व्हनार शे. शिरपूरले चहाना दुकानवर ऐकं मी. ते व्हयनं का गाळपेर बंद. जितला जास्त पाखरं दिखतीन, तितलं लवकर."

अभिमन खाटेवर बसला होता. बिडी पेटवायची विसरून तसाच हातात धरून बसला.

गाळपेर गेलं तर आमच्याकडे काय राहतं ते लिहून ठेवते. आमचं सगळं वावर धरणात गेलं. हिवाळ्यात पाणी मागे सरकतं तसा गाळ उघडा पडतो, तो सरकार वर्षाच्या बोलीने पेरायला देतं. त्यात आम्ही दादर पेरतो. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, तिच्यावर आमची भाकरी आणि ढोरांचा कडबा. दरसाल मार्चनंतर कागद नव्याने करावा लागतो. एखाद्या साली साहेबाने नाही म्हटलं की अभिमन दुसऱ्याच्या केळीत पाणी द्यायला जाणार आणि प्रमिलाचं कॉलेज बंद होऊन ती सासरी जाणार. बस. मधे तिसरं काही नाही.

दूरबीन मी पाहिली आहे. जुन्या गावात धरणाच्या मोजणीवाल्यांची, तीन पायांची आली होती. ती माणसं फार गोड बोलायची. निंबाचं झाड किती उंच आहे म्हणून विचारलं, पोरांना आतून डोकावू दिलं. मी वेलची घालून चहा दिला. पुढच्या वर्षी भिंतीवर लाल रंगाने आकडा आला आणि आज माझ्या त्या चुलीत मासे राहतात.

कौतिक गेल्यावर अभिमनला म्हटलं, "नको येऊ म्हनी सांग त्यासले."

"आते कसं सांगू. पोरनी इज्जत जाई."

पोरीची इज्जत. आणि गाळपेर?  दिवसभर मला एकच वाटत राहिलं. त्यांना पाखरूच दिसलं नाही तर ते लिहिणार काय?


शुक्रवार, ८ फेब्रुवारी

झिपरूला घेऊन गोळे वळले. झिपरू आमचा राखणदार, सातपुड्याकडच्या पाड्यावरचा. दादर निसवली, कणसं बाहेर आली, की तो माळ्यावर राहायला येतो आणि कापणी झाली की परत जातो. बोलतो कमी, म्हणून माझं त्याच्याशी जमतं.

गाळाच्या वावरात औषधाला दगड सापडत नाही. म्हणून आम्ही गोफणीला मातीचे गोळे वापरतो, उन्हात वाळवलेले. तेच बरं असतं. गोळा पाखराच्या अंगावर जायचा नाहीच. तो थव्याच्या मागून गेला पाहिजे, वाऱ्याचा आवाज करत, म्हणजे थवा पुढे पळतो आणि आपलं वावर सोडतो. चुकून लागला तरी फुटतो, पाखरू नुसतं घाबरतं. पाखरू पाडणारा राखणदार कच्चा. माझ्या सासूने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं आणि त्यानंतर गोफण हातात दिली.

झिपरूने विचारलं, "माय, इतला गोया कसाले? भोरड्या ते कमी व्हयी गयात आते."

"तू वळ."

त्याने वळले. पाटी भरली, दुसरी भरली. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण नदीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पाण्याच्या कडेला करकोचे चरत होते. त्यांची कुरकुर इथपर्यंत येत होती.

यंदा धुकं वाईट पडलं आहे. ऊन चढलं तरी नदीवरून उठत नाही.


शनिवार, ९ फेब्रुवारी

प्रमिला दुपारच्या एसटीने आली. आल्या आल्या पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर बसली, जणू मीच परीक्षा देणार.

"आजीमाय, गाळपेर नव्हतं तवय बी करकोचा येयेत का आठे?"

"तवय आठे गाव व्हतं. गावमा कसाले येतीन?"

"म्हंजे दादर पेराले लागनात मंग उनात?"

"तुले काय करनं?"

"सांग ना व. सरनी इचारेल शे."

सरांनी विचारलंय. मग तर सांगायलाच नको. मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, तुला तर मामाच्या लग्नात कोणी किती लाडू खाल्ले तेही आठवतं. मी म्हटलं, वांगी पुसून ठेव.

ती वांगी पुसायला बसली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आजीमाय, सर काबर येऊ राह्यनात ते ऐक ते खरी." तिला मी मिरच्या आणायला पाठवलं. मला चांगलं माहीत आहे का येतात. पोरगी अजून कवळी आहे, गोड बोलणाऱ्या माणसाच्या मागे लागली आहे. त्या वयात मीही वेलची घालत होते.


रविवार, १० फेब्रुवारी

सगळं लिहिते. कोणाला वाचायचं नाही, म्हणून लिहिते.

तांबडं फुटायच्या आधी घरातून निघाले. कलाबाईला सांगितलं, शेणाला जाते. झिपरू माळ्याखाली उभा होता, गोळ्यांच्या पाट्या जवळ. मी त्याला म्हटलं, तू डबा घेऊन पाण्याच्या बाजूने जा, मी इकडून हाणते. दादरीत एकही पाखरू राहायला नको आणि पाण्यावरही नको. तो म्हणाला, "पानीवरला ते दादर खात नहीत." मी म्हटलं, "आज खातीन."

माळ्यावर चढले. गोफण डोक्याभोवती फिरली की सगळं अंग आपोआप जागं होतं. आधी दाणे टिपणाऱ्या भोरड्या उठल्या, पावसाची सर पडल्यासारखा आवाज करत. मग पोपट, शिव्या देत. मग खाली झिपरूचा डबा वाजला आणि पाणी फाटत गेलं, ती बदकं. करकोचे सगळ्यांत शेवटी उठले. कुर्र कुर्र करत सातपुड्याकडे गेले. ऊन आलं तेव्हा नदी अशी गप्प होती, जशी सुतकातली ओसरी. एक टिटवी तेवढी ओरडत होती. तिला कोणी हाकलू शकत नाही.

पोरं फाट्यावरून चालत आली. कॅनव्हासचे बूट गाळाने माखलेले, गळ्यात एकच दूरबीन आणि ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. रतिलाल सर म्हणजे मला वाटलं कोणी जाडजूड साहेब असेल. हा तर बांबूसारखा, कानटोपी घातलेला. वाकून नमस्कार केला.

"अक्का, तुम्हाला त्रास झाला आमच्यामुळे."

"अजून झाला नाही," मी म्हटलं.

ते नदीकडे बघून उभे राहिले.  मग म्हणाले, "आज इतकं शांत कसं? प्रमिला म्हणत होती, कालपर्यंत इथे करकोचे होते."

"पाखराचा काय भरवसा, सर. ते काय हजेरी लावायला येतात?"

पोरं हसली. प्रमिला हसली नाही. तिने माळ्याकडे पाहिलं, मग खाली. माळ्याच्या पुढच्या सगळ्या बांधावर फुटलेल्या गोळ्यांची माती पसरली होती. मी बांधावर मांडलेल्या चुलीपाशी पीठ मळायला घेतलं.

बांधावर कौतिक उभा राहून मला हात करत होता की काही दिसलं का त्यांना. अभिमन पाण्याची कळशी इकडून तिकडे नेत होता. त्याला तहान लागलेल्या माणसांपेक्षा कळशीचाच आधार जास्त होता. मला वाटलं, आता ही मंडळी कंटाळतील, जेवतील आणि जातील.

तर एका पोरीने हाक मारली, सर, इकडे. जिथे म्हशी पाणी प्यायला उतरतात तिथल्या ओल्या गाळावर फुलपाखरं बसली होती. पिवळी, पांढरी, दाटीवाटीने, हळद-कुंकवाला बायका बसतात तशी. सगळी पोरं पोटावर आडवी झाली. सर पण झोपले, त्या चिखलात. आणि पोरं लिहायला लागली.  त्यांच्या उजव्या हाताला आमच्या गाळपेराची खूण होती, सरकारी खुंटी.

फुलपाखराला गोफण चालत नाही. मी झिपरूला हळूच म्हटलं, म्हशी घाल त्यातून. त्याने म्हशी घातल्या. फुलपाखरं पाखडलेल्या भुशासारखी उडाली आणि म्हशी पुढे गेल्या तशी परत बसली. त्यात आमच्या धुरी म्हशीने तिथेच मुतून ठेवलं. मग तर आणखी आली, कुठून कुठून आली. सर उठून बसले, मिशीला चिखल.

"अक्का, तुमच्या म्हशीने कमाल केली. यांना ओल्या मातीतलं मीठ लागतं. इतकी मी एका जागी पाहिली नव्हती."

 म्हशीला मीच पाठवलं होतं.

मग ते माझ्याजवळ येऊन बसले आणि दूरबीन माझ्या हातात दिली. बघा म्हणाले, समोरच्या काठावर खंड्या बसलाय, निळा. मी डोळ्याला लावली. दूध सांडल्यासारखं दिसलं. त्यांनी मधलं चाक फिरवलं. "आता?"

"आता पण तेच. बिघडली आहे तुमची."

त्यांनी ती स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिली, काढली आणि माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "अक्का, अजून माळ्यावर तुम्हीच उभ्या राहता?"

"तुम्ही पाखरांचं विचारा."

"बरं. हे गाळपेर तुमच्याकडे किती वर्षं आहे? दादरीच्या आधी काय पेरायचात?"

आलं, म्हटलं. निंबाचं झाड किती उंच आहे. मी म्हटलं, "मला आठवत नाही." प्रमिला मागून म्हणाली, "आजीमाय, सांग ना व." मी भाकरी उलटवली.

जेवली मात्र पोटभर. भरीत संपलं, कांद्याची पात संपली. वारा सुटला होता, पत्रावळी उडायला लागल्या तर पोरांनी नदीच्या पात्रातून गोटे आणून एकेका पत्रावळीवर ठेवले. जेवण झाल्यावर ती सामान आवरायला लागली. सर वहीत काहीतरी लिहीत होते, थोडंसंच. मला वाटलं, सुटलो.

आणि तेव्हा सातपुड्याकडून आवाज आला. कुर्र, कुर्र. लांब, मग जवळ. पोरं उभी राहिली, सगळ्यांच्या माना आभाळाकडे. कोणीतरी म्हणालं, आले, आले. झिपरू माळ्यापाशी होता, गोफण हातात, पण माझ्याकडे बघत होता. गोळे पहाटेच संपले होते. गोफण माझ्या कमरेला होती. पत्रावळीवरचा गोटा उचलला, गोफणीत घातला, फिरवली आणि आवाजाच्या मागे सोडला. थव्याच्या मागे, जसा सोडतात तसा.

गोटा फुटत नाही.

ओलं लुगडं दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला. मग दादरीच्या कडेला काहीतरी पडलं. सर धावले, बूट चिखलात रुतले ते तिथेच सोडून. सदरा काढून त्यात पाखरू गुंडाळून आणलं. लांब मान, काळी, डोळ्याच्या मागे पांढरी पिसं. पंख खाली लोंबत होता. उघड्या अंगाने उभे राहून सरांनी विचारलं, "कोणी मारलं?"

सगळ्यांनी झिपरूकडे पाहिलं. गोफण त्याच्या हातात होती. माझ्या हातात तोवर परात होती.

  प्रमिलाने माझ्याकडे असं पाहिलं की मला परात जड झाली.


सोमवार, ११ फेब्रुवारी

प्रमिला कालच सरांबरोबर गेली, पाखरू मांडीवर घेऊन. जाताना पाया पडली नाही.

झिपरूने न सांगता गोळे वळायला घेतले. मी म्हटलं, राहू दे आता.


गुरुवार, १४ फेब्रुवारी

करकोचा मेला. शिरपूरच्या ढोरांच्या डॉक्टरकडे नेला होता, तिथे मेला. रानातलं पाखरू असं मेलं की डॉक्टरला वर कळवावंच लागतं म्हणे. जंगल खात्याचा साहेब शनिवारी चौकशीला येणार. तसा निरोप तलाठ्याने अभिमनला दिला, कारण गाळपेराचा कागद अभिमनच्या नावावर.

आज आमच्या ओसरीवर खल झाला. कौतिक, अभिमन, मागे दारात कलाबाई. मी तांदूळ निवडत होते. गोटा माझा हे कौतिकने बांधावरून पाहिलं होतं, म्हणजे घरात सगळ्यांना कळलं होतं. घरात माझ्याशी बोलायचं नसलं की सगळे माझ्यासमोरच बोलतात.

कौतिक म्हणाला, "झिपरूनं नाव सांगी देवानं. पोरेसनी त्यानाच हातमा गोफण देखी. वावर त्यानं नही, कागद त्याना नही. त्यानं काय जाई?"

अभिमन म्हणाला, "शिकार केस व्हई त्यानावर."

"जामीन देऊत आपन. नही ते माय जाई का जेलमा, ह्या वयमा?"

कलाबाईने दारातून सांगितलं, "झिपरूले मी इचारं. तो नही म्हनत नही." नाही कसं म्हणेल. त्याला नाही म्हणायला कोणी जागा ठेवली आहे? त्याला हाक मारली. आला, पायरीखाली उभा राहिला. अभिमनने खाली बघूनच विचारलं. झिपरू म्हणाला, "तुम्ही म्हनशात ते मी सांगी दिसू." आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. गोळे का वळायचे म्हणून विचारणारा तोच एक माणूस या वावरात.

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "झिपरूना दगड तीन वावर सोडीसन पडस. बठ्ठा गावले माहीत शे. उडता करकोचा त्याने पाडा असं सांगशात ते साहेब हसई."

कौतिक म्हणाला, "साहेबले काय माहीत?"

"मले माहीत शे. मनी गोफणनं नाव झिपरूवर लिखाले मी मरनू नही अजून."

अभिमन पहिल्यांदा वर बघून बोलला. "मंग काय करू माय, तूच सांग. तुनं नाव सांगू? कागद मना शे, माय मनी शे, पाखरू मरेल शे. गाळपेर जाईच जाई."

 मला त्याचा राग यायला हवा होता. मी तांदळातला खडा शोधत राहिले. सापडला नाही. कलाबाई येऊन एका नजरेत तीन काढून गेली.


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

प्रमिला आली. पाणी न पिता माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, आता वांगी नाहीत, मिरच्या नाहीत, आता ऐक. आणि सगळं सांगितलं.

सर सरकारचे नाहीत. पण अभयारण्याची गोष्ट खरी आहे, आणि वरच्या साहेबांनी पाखरांबद्दल ज्या थोड्या लोकांना विचारलंय त्यात सर आहेत. प्रमिलानेच त्यांना इथे आणलं. का, तर करकोचे, भोरड्या, बदकं इथे येतात ती गाळपेरातल्या दादरीमुळे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं आणि तसं सांगावं. गाळपेर बंद केलं तर पाखरंही जातील, म्हणून बंद करू नका, असं. म्हणून विचारत होती, आधी करकोचे यायचे का. म्हणून जितकी जास्त दिसतील तितकं चांगलं होतं.

मी म्हटलं, "आधी काबर नही सांगं?"

"तू बोलू दिधं का?"

नाही दिलं. ते बरोबर आहे.

मग तिने दुसरी गोष्ट काढली. "सर म्हनतस, आजीमायना डोळामा मोतीबिंदू शे. दोन्हीमा. साहेबले सांगी दे का तुले दिखस नही. म्हंजे ते चुकीसन लागनं, शिकार नही. सर साक्ष देतीन. केस नही व्हनार, गाळपेरले बी धक्का नही."

"मले दिखस."

"आजीमाय, करकोचा कसा उडी राह्यंतात रविवारले? रांगमा का गोलमा?"

मी पदर सारखा केला.

"सांग ना."

"आवाज उना ना. आवाजवरथून मारा."

"म्हंजे देखाच नहीत."

सासूने गोफण दिली तेव्हापासून मी आवाजावर कधी मारलं नव्हतं. आधी पाहायचं, थवा कुठे वळतो ते, मग सोडायचा. कधीपासून नुसत्या आवाजावर सोडायला लागले ते मला कळलं नाही. धुकं म्हणत राहिले. दुकानदाराच्या रेघा फिक्या म्हणत राहिले. झिपरूला कळलं असणार. तरीच तो हल्ली मी सोडायच्या आधी "डावीकडे माय, डावीकडे" असं पुटपुटायचा आणि मी त्याला गप्प राहा म्हणायची.

प्रमिलाला म्हटलं, साहेबासमोर, अख्ख्या गावासमोर, मी आंधळी म्हणून सांगू? उद्यापासून मला माळ्यावर कोण चढू देईल? घरात बसून तांदूळ निवडायचे तर त्यातला खडा दिसत नाही.

ती म्हणाली, "नको सांगू. मंग झिपरू सांगी."

या पोरीचं लग्न ज्या घरात होईल त्या घराची मला आत्ताच काळजी वाटते.

ती निजायला गेली नाही, स्वयंपाकघरात बसून आहे. माझं काय ठरतं ते बघायला. ठरलं आहे. हे पान तिने सकाळी साहेब यायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. कौतिकला बोलावून घ्यायचं, मधे बोलला तर बोलू द्यायचं नाही.

गोटा कोणी मारला म्हणून साहेबाने विचारलं की मी उत्तर द्यायचं. का मारला म्हणून विचारलं तरी मीच, आणि खरं ते. पाखरं हाकलायला मी माणूस लावला, गाळपेर जाईल या भीतीने. दिसत होतं का म्हणून विचारलं तर नाही म्हणेन, तेही मीच, आणि त्या वेळी कोणी माझ्याकडे बघायचं नाही. मी सांगून झालं की बघा. दादर आणि पाखरांचं काय ते प्रमिलाने सांगायचं, सरांना बोलावून त्यांच्या शेजारी उभं राहून. रविवारी आठवत नाही म्हटलं ते सगळं मला आठवतं, रात्री तिला सांगते, तिने लिहून घ्यावं. झिपरूने म्हशी घेऊन लांबच्या कुरणात जायचं आणि साहेबाची जीप गेल्याशिवाय परतायचं नाही; त्याला कोणी काही विचारलं तर त्याने माझं नाव घ्यायचं. आणि अभिमन, कागद तुझा आहे म्हणून साहेब आधी तुलाच विचारेल. तू एवढंच म्हणायचं, माय सांगी.